पांढरं फुललं

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, चर्चमधली उपासना सुटता सुटता, स्टीफनच्या फोनवर मालवणहून व्हिडिओ येऊन पडला. नवापूरच्या सीमेवरच्या या डोंगरी गावात रेंज मिळते ती चर्चच्या अंगणातच, त्यामुळे घरी निघालेली माणसं तिथंच थबकली. स्टीफनची आई मंगळीबाई चपला न घालताच धावली. व्हिडिओ तिच्या लेकीने पाठवला होता.

प्रिस्किला मालवणला पर्यटकांना समुद्रतळ दाखवणाऱ्या कंपनीत होती. प्रवाळं मेली तर तळाशी बघायला काही उरत नाही, म्हणून कंपनीने त्यांची लागवड सुरू केली होती. मोडलेल्या प्रवाळांचे जिवंत तुकडे सहा लोखंडी चौकटींवर बांधायचे. पर्यटक हौसेने खाली उतरून बांधत, प्रिस्किला त्यांना शिकवी. एप्रिलअखेर समुद्र तापला आणि कंपनीने बुड्या थांबवल्या. आज पुन्हा पहिली बुडी होती. चौकटी जगल्या तर लागवड चालू, नाहीतर पोरगी कायमची घरी.

"लाव ना रे लवकर!"

"आया, फोन ओढू नको, समुद्र सांडेल," स्टीफन म्हणाला.

हिरवट पाण्यात पहिली चौकट दिसू लागली. तिच्यावर पांढऱ्याशुभ्र फांद्या होत्या. दुसरीवरही तशाच.

"फुललं!" मंगळीबाई ओरडली आणि अंगणभर टाळ्या पडल्या.

"माझा कापूस कधी एवढा फुलला नाही," शेजारचा पौलस म्हणाला. "मंगळीबाई, तुझ्या पोरीला माझ्या शेतात पाठव!"

तेवढ्यात बोटीवरून प्रिस्किलाचाच फोन आला. स्टीफनने स्पीकर लावला.

"पाहिलं गं! सगळं पांढरं फुललंय!"

प्रिस्किलाने वाऱ्यावर आवाज चढवला.

"आया, पांढरं म्हणजे आजारी. पाणी निवलं तर वाचेल, नाहीतर मरेल. धडधाकट प्रवाळ मळकट दिसतं. तपकिरी."

टाळ्या विरल्या. पौलसने टोपी काढून डोकं खाजवलं. मंगळीबाईने मात्र फोन सोडला नाही.

"मग व्हिडिओत शेवटी ते मळकट काय होतं? शेणाच्या रंगाचं?"

"कुठं?"

"अगं, तुझा पाय हलतो ना, त्याच्या मागे!"

प्रिस्किलाने बोटीवर व्हिडिओ पुन्हा लावला असावा, कारण पुढची किंकाळी फोनपासून लांब उभ्या असलेल्यांनाही ऐकू आली.

"सहावी चौकट! आम्हाला वाटलं वाहून गेली! आया, ही खोल पाण्यात सरकलीय, तिथं गार असतं! सर, थांबा, बोट वळवू नका! पर्यटकांनाही यायचंय म्हणे, सगळेच तयार होतायत! ठेवते!"

"शेणाच्या रंगाचं!" मंगळीबाई ज्याला त्याला सांगत सुटली. "पाहिलंत ना? शेणाच्या रंगाचं!"

दोन वाजता संदेश आला: 'पुन्हा उतरतोय. पाणी गढूळ आहे. चौकट अजून दिसत नाही.'

साडेतीनपर्यंत पुढचा संदेश आला नव्हता, आणि अंगणातून कुणी घरी गेलं नव्हतं.