आपल्या माणसाचा चहा

मंगळवार, सकाळचे साडेअकरा. जळगाव, एमआयडीसीतल्या केळीरोपांच्या प्रयोगशाळेचं ऑफिस. एका जागेसाठी मुलाखती चालू होत्या.

मी त्या टेबलावरची पितळी घंटी बोलतेय. मालक योगराज नानांनी मला धुळ्याच्या बाजारातून हौसेने आणलं. काम एकच. नानांनी टपली मारली की टणकन वाजायचं, म्हणजे चहा येतो. पण चहा कुणासाठी येतो, हे बघत बघत माझं पितळ काळं पडलं.

त्या दिवशी आधी ललित आला. शिंदखेड्याचा.

"मामा कुठले रे तुझे?" नानांनी विचारलं.

"पाचोऱ्याचे. लीलाधर आबा."

"आबांचा भाचा? कोकिळाताई, हाऊ तर आपलाच पोऱ्या शे!" नाना शेजारी बसलेल्या ताईंना म्हणाले.

टण्. चहा आला. चहाबरोबर प्रश्नही सोपे झाले.

मग दिपमाला पावरा. शिरपूरच्या पुढच्या पाड्यावरची, एम.एस्सी., सकाळच्या प्रात्यक्षिकात सगळ्यांच्या पुढे. तिला मामा कुणी विचारले नाहीत.

"पाड्यावर लाइट असते का?" नाना मायेने म्हणाले. "मराठी मात्र छान बोलता हं."

"तुम्हीही छान बोलता, सर."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या कोकिळाताई खुदकन हसल्या आणि लगेच खोकल्या. नानांचा हात माझ्याकडे आला, शेजारचं पेन उचलून परत गेला.

ती गेल्यावर नाना म्हणाले, "पोरगी हुशार. पण आपल्यात रमेल का? तिच्याच भल्याचं बोलतोय. जातबित मी मानत नाही."

खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. म्हणून तर माझं डोकं फिरलं. जागा ललितला गेली.

मीही ठरवलं. पुढे दुसऱ्या जागेच्या मुलाखतीला नानांच्या मावसभावाचा मुलगा आला. "अरे, हा तर घरचाच!" टपली. मी गप्प. आणखी टपली. मग बुक्की. मी स्प्रिंग आवळून बसले. नाना हात चोळत ओरडले, "भंगारात टाका हिला!"

आता मी भंगाराच्या टोपलीत आहे. माझ्या जागी चकचकीत नवी आलीय. टेबलावरून उतरताना तिला सगळं सांगून आलेय. बघू, नानांसाठी किती वाजते. तुमच्या टेबलावर अशी एखादी असेल, तर ती कुणासाठी गप्प राहते तेवढं बघा.

निकालानंतर, मी टेबलावर असतानाच, दिपमालाचा फोन आला होता. स्पीकर चालू होता.

"सर, प्रात्यक्षिकात मी पुढे होते. मग कमी कुठे पडले?"

"कळवतो," नाना म्हणाले.

अजून कळवलेलं नाही.