चाळीस फुटी दांडा

गावात मला खोटारडा म्हणतात. म्हणोत. पण केरबाच्या फवारणीयंत्राची ही गोष्ट रुपयातले बारा आणे खरी आहे, आणि उरलेले चार आणे मी घरचे घातलेत.

साल दोन हजार तीन. कागलच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून आमचं शिवार. केरबा आणि त्याचा धाकटा भाऊ बाळासो यांच्या सोयाबीनच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी. वाटणीत रान असं उभं चिरलेलं की रुंदी वीस-वीस फूट, आणि लांबी विचारू नका. या टोकापासून पेरत त्या टोकाला पोचेतो पहिल्या टोकाला तण माजून भांगलण येई. मधल्या बांधावरून दोघांचं वाजलेलं, आणि अकरा वर्षं बोलणं बंद.

त्या श्रावणात पानं खाणारी अळी आली. रानाला कान लावला तर लग्नाच्या पंगतीत पापड मोडल्यासारखा आवाज. पाठीवरच्या पंपानं एवढं लांब रान उरकेपर्यंत मागं अळी पुन्हा जेवायला बसे. आठ दिवसांत औषध बसलं नाही तर केरबाच्या हाती नुसत्या काड्या राहणार होत्या. घरचा ट्रॅक्टर होता. त्याला टाकी आणि आडवा दांडा बसवायचं ठरलं. दांडा रानाएवढा रुंद घेतला की एका फेरीत काम.

दोरी घेऊन आम्ही मोजायला गेलो. मी पाटाच्या कडेला टोक धरून उभा. केरबा मांडीएवढ्या पिकातून पायानं बांध चाचपत निघाला. बराच वेळ बांध लागेना. अखेर लागला.

"आबा, चाळीस फूट! वीस हुतं की ओ!"

खरं काय झालं होतं, तर दोन्ही भावांनी दरसाल नांगराचं एकेक तास आत सरकवत मधला बांध कोरत कोरत संपवला होता आणि त्यावर सोयाबीन पेरलं होतं. केरबा बाळासोचं रान ओलांडून पलीकडच्या बांधाला थडकला होता. मला ते लख्ख दिसत होतं.

"यंदा पाऊस बक्कळ," मी म्हणालो, "जमीन फुगती. गगनबावड्याला तर एकेकाचं रान शेजारच्या गावात जातंय."

"व्हय की!" केरबा म्हणाला. आपलं रान वाढलं, हे ऐकायला कुणाचे कान नको म्हणतात?

कागलच्या एमआयडीसीत सोमशेखरची शेड होती. असले दांडे तो स्वतः जोडून द्यायचा.

"मामा, वीस फुटी घ्या," तो म्हणाला. "वळायला बरं. तीस फुटी जरा जड. चाळीस कशाला? ट्रॅक्टर हाय का इमान?"

"माझं रान चाळीस हाय."

"मोजलंय न्हवं नीट?"

"हे आबा साक्षीला हुतं."

सोमशेखरनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या छपराचे पत्रे मोजायला लागलो.

"मग ऐका. दांड्याचे दोन्ही पंख उघडूनच चालवायचं. एकच उघडला तर सगळं त्या अंगाला कलतंय. ट्रॅक्टर बरोब्बर मधनं. गोत्तायता?" समजलं का, हे तो नेहमी कन्नडात विचारी. केरबानं मान हलवली.

पंख मिटून यंत्र गावाकडं आणलं. वाटेत त्यावर नऊ बगळे बसले आणि आमच्या ओढ्यापाशी उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबानं रानात ट्रॅक्टर लावून पंख उघडले. डावं टोक पाटावर. उजवं टोक गेलं ते पलीकडच्या बांधावर उभ्या असलेल्या बाळासोच्या शर्टाच्या गुंडीपाशी थांबलं.

"आबा," बाळासो मला म्हणाला, "ह्याला इचारा, ह्यो दांडा माझ्या रानात काय करतोय?"

"सांगा त्याला आबा, रान माझं हाय. मोजलंय."

"सांगा की, ट्रॅक्टर हुबा हाय तितंच बांध हाय."

"दाखवायला सांगा!"

दोघंही वाकून पीक बाजूला सारायला लागले. एक इकडून, एक तिकडून. एक ढेकूळसुद्धा सापडेना. आपण एकट्यानंच तेवढा बांध कोरला असं प्रत्येकाला वाटत होतं. दुसऱ्यानंही कोरलाय, हे आता दोघांनाही कळलं. केरबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बाळासोची बायको बायडाबाई भाकरी घेऊन आली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बांध शोधतायसा व्हय? दोघांनी मिळून खाल्लासा न्हवं! मग अळीला कशाला शिव्या देतासा? तुमचीच भावकी ती."

एक पंख मिटून यंत्र चालणार नव्हतं. आणि चाललं असतं तरी बाळासोच्या रानातली अळी सांजेला केरबाकडं जेवायला आलीच असती. केरबानं टाकीकडं बघितलं, चाळणी झालेल्या पानांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आबा, त्याला जरा इचारा..."

"माझा घसा बसलाय," मी म्हणालो, आणि पाटाच्या कडेला तंबाखू मळत बसलो.

केरबा दोनदा खाकरला. तिसऱ्यांदा शब्द फुटला.

"बाळू... तुझ्याबी रानावर मारू का?"

बाळासोनं दांड्याचं टोक चाचपून बघितलं.

"टाकीला पाणी किती लागतं?"

"चारशे लिटर."

"हिरीवरची मोटर चालू करतो," म्हणून तो निघालाच.

औषध कालवून केरबा ट्रॅक्टरवर बसला. बाळासो वाऱ्याच्या वरच्या अंगानं पुढं चालत ओरडत होता, "डावीकडं घे! आनि जरा! आंधळा हाईस का?" केरबाही तेवढ्याच जोरानं, "तू मला शिकवू नगंस!" अकरा वर्षांचं साचलेलं ते एका फेरीत फवारून निघालं. सांजेला अळ्या अशा पटापट खाली पडल्या की पाट तुंबला आणि मला फावड्यानं मोकळा करावा लागला.

पीक वाचलं, दोघांचंही. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांमध्ये, जुन्या बांधाच्या जागी, मात्र सोयाबीनची एक अरुंद पट्टी राहिली. काढणीला केरबा म्हणाला, "बाळू, तू काप." बाळासो म्हणाला, "न्हाय, थोरला तू. तू काप." तीन दिवस हाच कार्यक्रम.

चौथ्या दिवशी पहाटे मी विळा घेऊन गेलो. दीड पोतं झालं.