रेडिएटरला लागलेली हळद

उकंडरावांच्या जुन्या गाडीत अर्धा संसार बसवलेला होता, आणि तो सगळा मंजुळाबाईंचा होता. वायपरला त्यांच्या चपलेचं रबर, पेट्रोलच्या टाकीच्या भोकाला अंगाचा साबण, सायलेन्सर बांधायला कपडे वाळवायची तार. घरात काही सापडेना झालं की बाई आधी गाडीचं बॉनेट उघडून बघत.

म्हणूनच, ओमप्रकाश या भाच्याची उष्टी हळद आपल्याच गाडीतून न्यायची असं उकंडरावांनी जाहीर केलं तेव्हा नरसी गावच्या मांडवात हशा पिकला. नवरदेवाच्या अंगाची हळद पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. तिकडे बाळापूरला नवरी वैष्णवी पाटावर ताटकळायची! उकंडराव इरेला पेटले.

"हळद पोचली न्हाई, तर उद्याच गाडी भंगारात!"

बोलून गेले आणि मनातून हादरले. गाडीवर त्यांचा फार जीव होता.

निम्म्या वाटेत बॉनेटमधून वाफ निघाली. रेडिएटर गळत होता. मंजुळाबाई कॅन घेऊन जवळच्या मळ्यात पाण्याला गेल्या. बारीक गळतीवर उकंडरावांचा उपाय ठरलेला, हळद! रेडिएटर निवल्यावर त्यांनी आधी चिमूटभर टाकली, मग मूठभर. बाईंनी येऊन पाणी ओतलं, तर खाली एक थेंब पडेना.

"बघ, कशी बराबर बसली!"

"काय बसली?"

तेव्हा कुठं उकंडरावांची नजर उष्ट्या हळदीच्या रिकाम्या डब्यावर गेली. पुढं बाळापूरपर्यंत बाई पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिल्या. चार शिव्या परवडल्या असत्या.

दारातच नवरीची आजी अनुसयाबाई उभी. "हळद कुठंय? लेकरू कवाचं पाटावर बसून राहिलं!"

उकंडराव बायकोच्या मागं सरकले. मंजुळाबाईंनी शांतपणे पिशवीतून एक छोटी डबी काढून दिली.

"निघतानाच निम्मी काढून ठेवली व्हती," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, वळखत न्हाई का मी तुमाला?"

बाईंनी डबी काढलीच नसती, तर उद्या गाडी भंगारात गेली असती आणि घरातला साबण घरात राहिला असता. हे ध्यानात आलं तसे उकंडरावांचे डोळे भरून आले. बायकोबद्दल इतकी माया त्यांना कधी वाटली नव्हती.

हळद लागली. रिकामी डबी परत आली. उकंडराव ती उलटसुलट करून बघू लागले. पेट्रोलच्या टाकीचं झाकण दिवाळीपासून हरवलेलं होतं.

"झाकण किती घट्ट बसतंय गं हिचं..."

"ठेवा ती खाली," मंजुळाबाई म्हणाल्या.