डॉक्टरांच्या गळ्यातली दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. दातांच्या एका डॉक्टरांच्या गळ्यात सात वर्षं लोंबकळले, त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे आधीच सांगून टाकते.

कारखान्यात एका बाईने माझी भिंगं पुसली, समोरच्या झाडाकडे रोखून बघितलं आणि ‘झकास’ म्हणाली. कौतुक म्हणून जे काही झालं ते तेवढंच.

डॉक्टरांना पक्षी नाही, पक्ष्यांची यादी आवडते. त्यांच्या पक्षिमंडळाचा नियम असा, की घरटं सापडलं तर दोघांनी बघितल्याशिवाय यादीत धरायचं नाही. बायकोचे थोरले भाऊ, दादा, यादीत अकराने पुढे. झालं! डॉक्टरांची झोपच उडाली.

एका सकाळी डॉक्टर, दादा आणि डॉक्टरांच्या बाई असे तिघे समुद्रकाठच्या सुरूच्या बनातून निघाले. म्हणे शांत फेरी! या दोघांच्या चढाओढीने खंड्या उडाला, सुतारपक्षी उडाला. बाई मोकळ्या हातांनी मागून येत होत्या आणि दोघांपेक्षा जास्त बघत होत्या.

बन संपलं, वाळू लागली. तिथे मुठीएवढी, चिखल्या पक्ष्याची मादी पंख मोडल्यासारखी फरफटत पळू लागली. कुत्रं या सोंगाला फसतं, तिच्या मागे धावतं आणि अंडी वाचतात. पण आमचे डॉक्टर पडले पुस्तकं वाचलेले!

“सोंग करतेय! म्हणजे अंडी इथेच असणार,” म्हणत ते उलटे फिरले. वाळूत तीन ठिपकेदार अंडी. मीच मेलीने दाखवली.

“दादा, लवकर या! दुसरा साक्षीदार हवा!”

दादा आपली दुर्बीण डोळ्यांना लावून तसेच चालत आले. दुर्बिणीतून अंडी दिसतात, स्वतःचे पाय दिसत नाहीत. एवढी साधी अक्कल नाही! कच् असा आवाज झाला.

“अगं बाई!” बाई ओरडल्या.

दादांनी बूट उचलला. “एकच गेलं.”

“पण तुम्ही आधी तीन बघितली ना? मग तीनच लिहू,” डॉक्टर म्हणाले. शी!

ऊन चढत होतं. वाळू तापली की उरलेली दोन उकडणार होती, आणि ही माणसं हलल्याशिवाय आई काही जवळ यायची नाही. ती लांबून नुसती येरझाऱ्या घालत होती. डॉक्टर मात्र गुडघे टेकून फोटो काढायला बसले.

“अहो, उठा. तिला येऊ द्या.”

“दोनच मिनिटं गं.”

“उठा म्हणते ना!” बाईंनी मला त्यांच्या गळ्यातून ओढून काढलं आणि तरातरा बनाकडे निघाल्या. दोघे पुरुष कुरकुरत मागोमाग आले. आई परतली का, मला ठाऊक नाही.

आता मी दवाखान्यातल्या खुंटीवर असते. डॉक्टर प्रत्येक पेशंटला तीन अंड्यांची हकिगत रंगवून सांगतात. बिचाऱ्याच्या तोंडात कापूस, तो काय उलट विचारणार?

बाबांनो, माणसाने लांब उभं राहावं म्हणून मला घडवलंय. तेवढंही जमत नसेल तर मला विकत घेऊ नका. घरीच बसा.