न्यूट्रलच्या अलीकडची खाच

"रिव्हर्समध्ये टाकून गाडी कुणी उभी करतं का, आई?"

डेनिसने हे विचारलं तेव्हा व्हर्ना हुडाक स्वयंपाकघरात कोबी चिरत होती. तिची सुरी थांबली. तिने वळून मुलाकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांचा, टक्कल पडू लागलेला, पिट्सबर्गच्या ऑफिसातून आठवड्याची रजा काढून आलेला हा मुलगा टेबलापाशी बसून एका छापील अर्जावर पेनने टिकटिक करत होता. वाहन चालवण्याचा परवाना स्वखुशीने परत करण्याचा तो अर्ज होता. सही तेवढी राहिली होती. सोमवारी तो तिला तालुक्याच्या गावी घेऊन जाणार होता.

"आपण उभी करतो," ती म्हणाली. "तुझा बाप करायचा. मी करते. तूही केलीस."

"मला नाही आठवत."

व्हर्नाने सुरी खाली ठेवली. इतका राग आला असताना हातात सुरी नको, एवढी अक्कल तिला त्र्याहत्तराव्या वर्षीही होती.

तिच्या नवऱ्याने, अँड्र्यूने, तो सहा सिलिंडरचा पिकअप ट्रक पंचावन्न साली नवा घेतला होता. तेव्हा ऑटोमॅटिक गिअरचा ट्रक टेकडीवर दुसऱ्या कुणाकडे नव्हता. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीच्या तबकडीवर चारच अक्षरं होती: न्यूट्रलचा एन, ड्राइव्हचा डी, लोचा एल आणि शेवटी रिव्हर्सचा आर. उभं करण्यासाठी वेगळी जागाच नव्हती. इंजिन बंद करायचं आणि मग दांडी रिव्हर्सवर ओढायची, की आतले दात एकमेकांत बसायचे आणि ट्रक खांबाला बांधलेल्या बैलासारखा जागच्या जागी उभा राहायचा. डेनिस अकरा वर्षांचा असताना गवताच्या शेतात हे शिकला होता. एकदा चुकला तेव्हा अँड्र्यूने त्याच्या डोक्यात टोपी हाणली होती. आणि म्हणे आठवत नाही!

मागच्या शनिवारी ती चर्चच्या हॉलमधून कोबीची पोती घेऊन आली. दारासमोरच्या चढावर ट्रक थांबवला, इंजिन बंद केलं, दांडी रिव्हर्सवर ओढली आणि मागची चाकं नेहमीच्या खड्ड्यात टेकल्यावरच खाली उतरली. पोती एकेक करून तळघरात नेली. शेवटचं पोतं उचललं तेव्हा ट्रक जरा हलला, पण तिने लक्ष दिलं नाही. जिना उतरते तोच बाहेर मोठा आवाज झाला. ट्रक उताराने मागे गेला होता आणि रस्त्यापलीकडच्या गोल्डी माटुसिकच्या ओसरीत घुसला होता. ओसरीचे दोन खांब तुटून छप्पर खाली आलं. गोल्डी त्याच ओसरीवर सोयाबीन सोलत बसली होती. फोन वाजला म्हणून मिनिटभरापूर्वी आत गेली होती. सोयाबीन आणि खुर्ची छपराखाली राहिली.

त्या संध्याकाळी धावत आलेल्या डेनिसला व्हर्ना म्हणाली होती, "कदाचित विसरले असेन रे." घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं तसं ते निघालं होतं. तेव्हापासून तेच वाक्य घरभर फिरत होतं. डेनिसने फोनवर बायकोला सांगितलं, बायकोने पाद्रीबाबांना सांगितलं. गोल्डी चाळीस वर्षांची मैत्रीण, पण व्हर्नाने पाठवलेला अक्रोडाचा रोल तिने न कापता डेनिसच्याच हाती परत पाठवला.

रात्ररात्र व्हर्ना मनात दांडी ओढून पाहायची. ओढली होती की नव्हती? ओढली होती. मग ट्रक गेला कसा? मग नसेल ओढली. आपलं डोकं कामातून जायला लागलंय का? स्वतःच्या हातावरचा विश्वास उडणं म्हणजे काय, हे तिला या आठवड्यात कळलं होतं, आणि त्याची भीती तिला मरणापेक्षा जास्त वाटत होती.

पण "मला नाही आठवत" ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती विसरली असेल, एक वेळ मान्य. पण तो विसरला नव्हता. तो खोटं बोलत होता. का?

तिने कोट चढवला.

"कुठे निघालीस?"

"चर्चला. माझ्या डोक्यासाठी प्रार्थना करायला."

चर्च वर होतं. ती खाली निघाली, दोन मैल चालत, ऑर्व्हिल ट्रेस्लरच्या भंगाराच्या आवारात. क्रेनवाल्याने ट्रक तिथे नेऊन टाकला होता.

ऑर्व्हिल साठीचा, एका कानाने बहिरा आणि दोन्ही कानांनी आगाऊ. जुन्या गिअरबॉक्सवर हात फिरवून तो साल सांगतो, अशी त्याची ख्याती होती.

"या हुडाकबाई! आज कुणाचं घर पाडलंत?"

"तुझं पाडीन. माझा ट्रक कुठाय?"

ट्रक कुंपणापाशी उभा होता. मागचं फळकूट वाकलं होतं, बाकी काही झालं नव्हतं. चावी आतच होती.

"तुझ्या सपाटीवर हा रिव्हर्समध्ये टाक," ती म्हणाली, "आणि ढकल."

"कशाला?"

"कारण मी वेडी आहे की नाही ते मला आज पाहायचंय."

ऑर्व्हिलचं हसू मावळलं. त्याने इंजिन बंद असल्याची खात्री केली, दांडी रिव्हर्सवर ओढली, उतरून समोरच्या बंपरला एक हात लावला. ट्रक चोरासारखा गपचूप मागे सरकला.

"आँ?" ऑर्व्हिल म्हणाला. त्याने पुन्हा ढकललं. ट्रक पुन्हा सरकला.

"शनिवारी पहिल्यांदाच मी तो बाहेर काढला होता," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज चढत होता. "तीन आठवडे ड्वेनच्या गॅरेजात होता. गिअरबॉक्स दुरुस्त करून डेनिसने आणून शेडमध्ये लावला. चालवताना मला वाटलं, हा इतका लोण्यासारखा कसा चालतोय? पूर्वी वेग घेताना तीन धक्के बसायचे. नीट तीन. शनिवारी एकच बसला. मी म्हटलं, चांगला दुरुस्त केलाय."

ऑर्व्हिल पाठीवर आडवा होऊन ट्रकखाली सरकला. त्याचे फक्त बूट बाहेर राहिले.

"चंदेरी रंग दिलाय," खालून आवाज आला. "गिअरबॉक्सला रंग कोण देतो? लग्नाला जायचंय काय त्याला?"

"बोल पटकन."

"तुमच्या जुन्याला डाव्या बाजूला नंबरची पट्टी होती. इथे पट्टी नाही आणि पट्टीची जागाही नाही. मागचा तुकडा वेगळा जोडलेला असायचा, तोही नाही. तळाच्या तेलाच्या ताटाचा आकारच वेगळा आहे. हुडाकबाई, हा तुमचा गिअरबॉक्स नाहीच. तुमचा चार गतींचा होता, म्हणून तीन धक्के. हा दोन गतींचा, म्हणून एकच धक्का. इंजिन तेच, म्हणून बसला मात्र झोकात." जरा वेळ खरवडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आला नाही.

"मेलास का?"

"चारशे सतरा," ऑर्व्हिल म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या नखांत चंदेरी रंग होता. "रंगाखाली माझा पिवळा नंबर आहे. हा इथूनच गेला. ड्वेनने नेला सप्टेंबरात. एका मोटारीसाठी हवाय म्हणाला. आणि उचलायला..."

तो थांबला.

"उचलायला कोण?"

"तुमचा डेनिस होता बरोबर."

वाऱ्यावर कुठेतरी पत्रा वाजत होता. व्हर्नाला तोच ऐकू येत राहिला.

"मी दोघांनाही सांगितलं होतं," ऑर्व्हिल घाईने म्हणाला. "इथंच, या जागी. हा रिव्हर्समध्ये धरत नाही, याला पार्कची वेगळी खाच आहे. ही बघा." त्याने दांडी एनच्या अलीकडे नेली, जिथे तबकडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. खट् आवाज झाला. त्याने बंपरला खांदा लावून जोर केला. ट्रक हलला नाही. "जो चालवेल त्याला सांगा म्हटलं होतं. बाई, गावात बोलत होते तुम्ही विसरलात म्हणून, तर मला वाटलं…"

"तुलाही वाटलं."

"वाटलं," तो मान खाली घालून म्हणाला.

व्हर्ना ट्रकमध्ये चढली. परवाना अजून तिच्या पर्समध्येच होता.

घरासमोर येऊन तिने हॉर्नवर हात ठेवला तो डेनिस बाहेर येईपर्यंत काढला नाही. ट्रक पाहून तो पायरीवरच थबकला.

"आई, तू हा…"

"बस."

"आधी खाली उतर, आपण…"

"डेनिस अँड्र्यू हुडाक, बस आत."

पूर्ण नावाने हाक आली की तो लहानपणी ज्या चेहऱ्याने यायचा त्याच चेहऱ्याने तो आत बसला. तिने ट्रक टेकडीच्या रस्त्याला लावला आणि वेग घेतला.

"मोज."

"काय मोजू?"

"धक्के. तुला आठवत नसेल तर मोज."

एक धक्का बसला. ट्रक चर्चवरून पुढे गेला, दफनभूमीवरून पुढे गेला, अँड्र्यूच्या थडग्याच्या दगडासमोरून पुढे गेला. दुसरा धक्का बसला नाही.

"किती झाले?"

"एक," डेनिस म्हणाला. मग एकदम बोलायला लागला. "जुन्याचं कवच तडकलं होतं. सुटे भाग मिळत नव्हते. ड्वेन म्हणाला हा बसतो. तुला सांगितलं असतं तर तू आकांडतांडव केलं असतंस, बाबांचा ट्रक, बाबांचा ट्रक म्हणून. त्या खाचेचं मी सांगणारच होतो, शनिवारी संध्याकाळी. पण तू सकाळीच ट्रक काढलास."

"आणि नंतर? आठवडाभर?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"नंतर तूच म्हणालीस की कदाचित विसरले असेन."

"म्हणून?"

"म्हणून मला वाटलं, बरंच झालं. तू इथे एकटी असतेस. हिवाळा आलाय. आज ना उद्या तू खरंच काहीतरी विसरणारच आहेस…"

"म्हणून तू माझं डोकं आजच काढून घेतलंस," व्हर्ना म्हणाली. ती ओरडली नाही. "मला परवाना द्यायला सांगितलं असतंस तर मी भांडले असते, कदाचित दिलाही असता. पण तू मला रात्रभर माझ्याच हाताला विचारत ठेवलंस. मेल्या, सात रात्री!"

त्याने डोळे पुसले. तिला दया आली नाही. यायला हवी असं वाटलं, पण आली नाही.

तिने ट्रक वळवला आणि गोल्डीच्या मोडक्या ओसरीसमोर थांबवला. दांडी एनच्या अलीकडे ढकलली. खट्.

"उतर. तिला सांग."

"काय सांगू?"

"मला जे सांगितलंस तेच. एक शब्द गाळू नकोस. मी इथून ऐकतेय."

गोल्डी दारात येऊन उभी राहिली होतीच. डेनिस तुटक्या फळ्यांत उभा राहून बोलत राहिला. मध्ये दोनदा थांबला, तेव्हा व्हर्नाने हॉर्न वाजवला. त्याचं संपल्यावर गोल्डीने त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"फोन माझ्या बहिणीचा होता," ती म्हणाली. "ती आठवड्यातून एकदाच करते, आणि नेमका तेव्हा आला म्हणून मी वाचले. हे लक्षात ठेव." मग त्याला हाताने बाजूला सारून, फळ्या ओलांडत ती ट्रकच्या खिडकीशी आली.

"व्हर्ना, तुझा हँडब्रेक कुठे गेला होता ग?"

"तो चौसष्ट सालापासून मेलाय."

"आणि तू दुरुस्त केला नाहीस."

"रिव्हर्स धरत होता ना!"

"म्हणजे माझी ओसरी थोडी तूही पाडलीस."

व्हर्नाने तोंड उघडलं. आठवड्याचा सगळा राग जिभेवर होता, आणि तो गोल्डीवरच काढावा असं एक क्षण वाटलं. ती मुद्दाम थांबली.

"थोडी पाडली," ती म्हणाली. "पण विसरले नव्हते."

"नव्हतीस," गोल्डी म्हणाली. "रोल शिल्लक आहे का?"

"वाळलाय."

"कॉफीत बुडवीन. पाठव." तिने मागे वळून पाहिलं. डेनिस अजून तिथेच फळ्यांत उभा होता. "याला मात्र इथेच ठेव. खांब उभे करायचेत."

"त्याला हातोडी धरता येत नाही."

"शिकेल. ते तरी आठवेल त्याला."

"आई," डेनिस म्हणाला, "मी घरी जाऊन कपडे बदलून येतो."

"जाऊन ये," व्हर्ना म्हणाली. "आणि येताना तो अर्ज आण. गोल्डीला चूल पेटवायला कागद लागतो."

तिने दांडी खाचेतून ओढून काढली आणि चढाला लागली. एक धक्का बसला. उरलेल्या दोन धक्क्यांसाठी तिचं अंग सवयीने ताठ झालं, आणि ते आले नाहीत तशी ती पुन्हा संतापली.