पेला कडेपर्यंत ढकलायचा

सासूबाईंनी उभी हयात शाळेत इंग्रजी शिकवलं, ते सगळं करून दाखवत. नुसता अर्थ लिहून दिला तर या कानानं शिरतो आणि त्या कानानं जातो, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे सून दवाखान्यातून पाय ओढत घरी आली, की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवणी सुरू व्हायची.

सून नर्स. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत दोनदा आपटलेली. या खेपेला पास झाली, तर पुढल्या महिन्यापासून दवाखान्याच्या ऑफिसात बदली आणि रात्रपाळीतून कायमची सुटका. नाहीतर पुन्हा तेच जागरण.

"निअरली म्हणजे?"

सुनेनं पाण्याचा पेला टेबलाच्या कडेपर्यंत ढकलला. "पडता पडता राहिला."

"आणि बेअरली?"

तिनं रिकामी वाटी हातातून सोडून गुडघ्याशी झेलली. "कशीबशी सापडली. अहो आई, पाठ मोडली माझी! दोन्हींना एकच शब्द ठेवला असता तर या इंग्रजांचं काय जात होतं?"

"मला काय विचारतेस? ती भाषा मी नाही केलेली. चल, पुन्हा."

परीक्षेहून सून परतली ती कोपरापर्यंत भिजलेली बाही घेऊन.

"हे काय गं?"

"परीक्षा घेणाऱ्या बाई म्हणाल्या, वॉर्डात एखादा अपघात होता होता टळला असेल तर सांगा. मला निअरली म्हणायचं होतं, आणि हात आपसूक त्यांच्या पेल्याकडे गेला. आपला पेला थांबतो शहाण्यासारखा. त्यांचा गेला सरळ मांडीवर."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "झालं! माझ्याच शिकवणीनं घात केला."

"नाही हो. टेबल पुसलं, बाईंना पुसलं, आणि पुसता पुसता इंग्रजीत बोलत सुटले. पेशंटनं काही सांडलं की बोलते ना, तशी. त्यांना हसू आवरेना. पास केलं मला."

सासूबाईंनी डोळे मिटले. आनंद झाला, नाही असं नाही. पण इतके महिने आपणही हे ओझं ओढत होतो, हे त्यांना आत्ता कुठे जाणवलं.

"बदलीचा कागद कधी मिळणार?"

सून बसल्या जागी झोपली होती, तोंड उघडं टाकून. आज तिची रात्रपाळी होती.

सासूबाईंनी वॉर्डात फोन लावला. "आज ती येणार नाही."

"अहो मावशी, असं ऐनवेळी? आजारी आहे का?"

"आजारी नाही, झोपली आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.