मास्तरांच्या गळ्यातला टेप

मित्रांनो, मी कपड्यांची मापं घेणारा टेप. वय विचारू नका; माझे पहिले दोन इंच झिजून कधीच गेलेत. म्हणून आमचे शिंपी मास्तर मला दोनच्या रेघेवर धरतात आणि शेवटी दोन वजा करतात. "सुरुवात गेली म्हणून काय माप चुकतं होय?" हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

तीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात मानाने मिरवलो. पण अलीकडे तिथे चैन पडेना. मास्तर नुसते बसले की त्यांचा उजवा हात थरथरायचा, आणि त्याबरोबर माझी टोकंही. गंमत म्हणजे कात्री हातात घेतली की थरथर गायब! पाय मात्र दगा द्यायचे. दारापाशी आले की जमिनीला खिळायचे.

"मास्तर, दाराला टाके घालून ठेवलंय की काय तुम्हाला?" गिऱ्हाईक हसायचं. मास्तरही हसत असावेत. चेहऱ्यावर मात्र काही उमटत नसे.

डॉक्टर मास्तरांच्या सुनेला म्हणाले, "मेंदूत खोलवर हालचालींचा कारभार चालतो. तिथल्या पेशी झिजल्यात. पायात ताकद आहे, पण 'चल' हा हुकूम वेळेवर सुटत नाही. घाई करू नका."

पण सून एकटी. दुकान, घर, तान्हं लेकरू. एका संध्याकाळी मास्तर पुन्हा दारात अडकले.

"बाबा, चला ना! उद्यापासून घरीच बसा बघू तुम्ही!" तिने मला त्यांच्या गळ्यातून खेचलं.

उद्यापासून दुकान बंद? मी तिच्या हातातून निसटलो आणि उंबऱ्यापाशी आडवा पडलो.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. पाऊल उचललं. आणि मला ओलांडून गेले!

सून पुढे झाली. "बाबा... परत एकदा?"

परत जमलं. समोर ओलांडायला रेघ दिसली की पायांना हुकूम सुटत होता.

"टेप असा सैल राहिला तर पाय अडकेल," मास्तर म्हणाले. त्यांनी कात्री उचलली. हात जरासुद्धा हलला नाही. माझे चार तुकडे झाले. सुनेने ते टेबलापासून दारापर्यंत, पावलापावलावर, जमिनीला चिकटवले.

दर वेळी जमतंच असं नाही. मास्तर पहिल्या तुकड्यापाशी थांबतात. मागे सून ओठांवर आलेलं 'चला' गिळते. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं थांबलं, तर ओढू नका, ओरडू नका. थोडं थांबा.

"दोनपासून धरलंय हं, बाबा. सुरुवात गेली तर जाऊ दे," ती हळूच म्हणते.

पाऊल उठतं.